एकवीस भोकांचा पूल

“पान्याला वाट ठेवली का?”

नवी भिंत असो, नवा ओटा असो, कोणाच्या दारचा लग्नाचा मांडव असो, आमचे मुकादम आधी खाली वाकायचे. तळहात जमिनीला टेकवून उतार कुठे आहे ते चाचपायचे आणि मग हा एकच प्रश्न विचारायचे. उत्तर ‘हो’ आलं तर मान डोलवून बाजूला होत. ‘नाही’ आलं तर घरमालकाची काही खैर नसे.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. एका सरकारी कागदावर ते नको त्या वाक्यात लिहिलं गेलं आहे, तेही माझ्याच हातानं, तेवढं पुरे झालं. मुकादमाला छळणाऱ्या साहेबाचं नावही सांगत नाही. ते सांगायची मात्र फार इच्छा आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी कल्याणला एका ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. रस्ते सांभाळणारं ऑफिस. माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मापं लिहिणं आणि साहेबांच्या खरड्यांच्या स्वच्छ प्रती काढणं हे काम माझ्याकडे आलं. मुकादमांच्या हाताखाली आठ मैलकुली होते. मैलकुली म्हणजे आपापल्या मैलाचा रस्ता राखणारे गडी. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्याआधी गटारं उपसायची. मुकादम खाडीकाठच्या गावचे. घरची भातशेती, भाऊबंद मिठागरावर. वय पन्नाशीच्या पुढे. डोक्याला लाल रुमाल, अंगात खाकी सदरा आणि खाली गुडघ्यापर्यंत धोतर. सरकारनं दिलेली खाकी चड्डी त्यांनी एकदाही घातली नाही. “ती भातान उभ्या केलेल्या बुजगावन्याला घातली,” असं ते साहेबांसमोर सांगत.

माझं नवं लग्न झालं होतं. बायको साताऱ्याकडची, खाडीचा खारा वारा तिला सोसेना, आणि ती दिवसातून दोनदा रडे. एकदा मुकादम तांदळाची पिशवी घेऊन दारात उभे असताना तिचं रडणं सुरू झालं. मी शरमेनं अर्धा झालो. मुकादम म्हणाले, “रडू द्या भाऊसाहेब. पान्याला वाट नको का?” ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती त्यांना मामा म्हणायला लागली, आणि मला सांगायचं आहे ते हे की अशा माणसाशी मी पुढे जे केलं ते तिनं मला कधी माफ केलं नाही.

साहेब नवे आले तेव्हा त्यांच्या बंगल्यामागे धुण्याचा ओटा बांधायचा होता. मुकादमांनी हात टेकवला आणि सांगितलं, उतार सैपाकघराकडं हाय. साहेब म्हणाले, “इंजिनियर तू का मी?” ओटा झाला. पहिल्याच सोमवारी धुण्याचं पाणी साहेबांच्या चुलीपर्यंत गेलं. मुकादम हसले नाहीत, पण आम्ही सगळे हसलो, आणि साहेबांनी ते पाहिलं. मोठ्या माणसाला आपण चुकलो याचा राग येत नाही, ते कोणी पाहिलं याचा येतो.

आता पुलाकडे येतो. टिटवाळ्याच्या अंगाला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, एका रुंद ओढ्यावर तो पूल होता. काळ्या दगडाचा, तीन कमानींचा, मधली कमान थोरली आणि माथ्याशी जरा टोकदार. खांबांना वरच्या अंगाला, म्हणजे पूर येतो त्या बाजूला, दगडी धार काढलेली. पाणी त्या धारेवर येऊन दोन्हीकडे फाकायचं. वर रस्ता इतका अरुंद की एक बैलगाडी जाईल. म्हणून प्रत्येक खांबावर कठडा बाहेर काढून माणसापुरती जागा केलेली होती. गाडी आली की पायी चालणाऱ्यानं त्या कोनाड्यात सरकून उभं राहायचं. किती विचार केला असेल पाहा बांधणाऱ्यानं! आमच्या साहेबांनी पुढे काढलेल्या नव्या पुलाच्या नकाशात पायी चालणारा माणूस नव्हताच.

दगडांवर पाथरवटांच्या खुणा होत्या. मासा, फणी, त्रिशूळ. ज्यानं जो दगड घडवला त्यानं त्यावर आपली खूण केली. पूल कोणी बांधला याबद्दल गावात भांडणं होती. कोणी पांडवांचं नाव घेई, कोणी पोर्तुगीजांचं, कोणी एखाद्या सुलतानाचं. मुकादम म्हणत, “कोनी का बांधंना. बांधनारा येडा नव्हता एवढं मना म्हाइत हाय.”

तो वेडा नव्हता याचा पुरावा म्हणजे भोकं. अशा पुलाच्या पोटात दोन भिंतींच्या मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली असते. वरून मुरणारं पाणी त्या मातीत साठलं की ती फुगते आणि भिंती बाहेर ढकलते. म्हणून दोन्ही भिंतींत मिळून एकवीस भोकं ठेवलेली होती, हात जाईल एवढी, बाहेर उतरती. ती साफ ठेवण्याचं काम मुकादमांच्या घराण्याकडे होतं, सरकारी नोकरीच्याही आधीपासून. त्याबद्दल गावानं त्यांना भाताचं एक खाचर तोडून दिलं होतं. त्याला पुलाचं शेत म्हणत. होळी झाली की मुकादम लोखंडी टोकाची लांब काठी घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरायचे आणि एकेक भोक पोखरून पक्ष्यांची घरटी, मुळं, गाळ बाहेर काढायचे. मग त्यांची बायको वर रस्त्यावर खणलेल्या खळग्यांत हळदीच्या पाण्याच्या घागरी ओतायची. मुकादम खाली मान वर करून उभे. ज्या भोकातून पिवळं पाणी ठिबकेल ते मोजायचे. “चार! पाच! सहावं कवा येनार?” पिवळं आलं नाही तर पुन्हा काठी. एकविसावं भोक पिवळं झालं की सगळ्यांना गूळ-खोबरं.

मी दोन वर्षं ते पाहिलं. सण वाटावा असं ते होतं, आणि पाणी कुठून कुठे जातं ते तपासण्याची याहून पक्की रीत मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पदवीवाल्याकडे पाहिली नाही. साहेबांनी मात्र पाहिलं आणि म्हणाले, “पुलाची पूजा करतात! अडाणी लोक.”

मग मुंबईहून एक मंत्री येणार असं कळलं. रस्त्याच्या पुढच्या टोकाला कसलंसं उद्घाटन होतं. मोटार पुलावरून जाणार. साहेबांच्या डोळ्यांना पुलाचे काळे दगड एकदम घाण दिसू लागले. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळे. घर बांधणारा माणूस चार गोण्यांसाठी चपला झिजवत असे. आमच्या साहेबांनी पाचशे वर्षं उभ्या असलेल्या दगडाला फासायला गाडीभर सिमेंट मागवलं. पाथरवटांचे मासे, फण्या, सगळं गिलाव्याखाली गेलं.

गिलावा सुरू व्हायचा त्या सकाळी मी टेप धरून पुलाखाली उभा होतो. साहेबांनी छडीनं भोकं दाखवली. “ही बिळं बुजवून टाक. साप राहतात. आणि गिलावा सलग दिसला पाहिजे.”

मुकादम म्हणाले, “साहेब, मग पान्याला वाट?”

“सिमेंट आहे. पाणी आत जाणारच नाही.”

“वरून जानार ना. रस्ता तर मुरमाचाच हाय.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना बहुतेक धुण्याचा ओटा आठवला असावा. “बुजवतोस की टोळी दुसऱ्याच्या हाताखाली देऊ?”

मुकादमांनी जवळच्या भोकात हात घालून पाहिला. आठ माणसांची टोळी, आठही त्यांच्याच आसपासच्या गावची. शेवटी म्हणाले, “लिवून द्या साहेब. हुकूम लिवून द्या.”

साहेब हसले. “तुला वाचता येतं का?”

लिहून कोणी दिलं नाही. मुकादमांनी टोळीला दुसऱ्या कामावर धाडलं आणि एकवीस भोकं एकट्यानं बुजवली. मी म्हटलं, गड्यांना सांगा ना. ते म्हणाले, “नको. हे दुसऱ्याचे हातानं नको.” जाणाऱ्या-येणाऱ्या गावकऱ्यांनी त्यांना भोकं बुजवताना पाहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच त्यांच्या अंगावर आलं.

मंत्री आले. मोटारीच्या काचा धुळीसाठी वर केलेल्या होत्या. पूल आला आणि गेला. आतल्या कोणी मान वळवल्याचं मला दिसलं नाही. एवढ्यासाठी!

दुसऱ्या दिवशी मुकादम ऑफिसात हजर. भोकं आता मोकळी करू का, विचारायला. साहेबांनी सांगितलं, “गिलाव्याला छिन्नी लावलीस तर घरी बसशील.” हेही मी ऐकलं. माझं टेबल साहेबांच्या दाराशेजारीच होतं.

पावसाळ्यात मुकादम रोज पुलाशी जाऊन भिंतीवर हातोडी ठोकून आवाज ऐकत. मला म्हणाले, “पोटान पानी हाय. बद्द बोलतंय.” मी म्हटलं, साहेबांना सांगा. ते हातोडी घेऊन पुढच्या दगडाकडे वळले. भाद्रपदात एका दुपारी पहिल्या कमानीवरची भिंत पोट आल्यासारखी फुगली आणि कठड्यासकट ओढ्यात कोसळली. सहा भोकं तिच्याबरोबर गेली. नशिबानं वर कोणी नव्हतं. आणि पाहा, कमान जागची हललीही नव्हती. उघडी पडली होती, पण दगडाला दगड धरून उभी.

साहेबांनी रिपोर्टाचा खरडा माझ्यापुढे टाकला. पूल जीर्ण व धोकादायक असून पाडून टाकावा. भिंत पडण्याचं कारण असं : ‘मुकादमाने गिलाव्याच्या वेळी पाणी जाण्याची भोके कोणास न विचारता बुजविली व पुढे ती साफ करण्यात हयगय केली.’ पुढे मुकादमांचं नाव, बापाचं नाव, गाव.

ज्या भोकांना साहेब बिळं म्हणत होते ती कागदावर आल्याबरोबर पाणी जाण्याची भोकं झाली! म्हणजे साहेबांना सगळं कळत होतं. मी तो खरडा तीनदा वाचला. आणि मग मी बोरू घेतला आणि त्याची स्वच्छ प्रत काढली. मोत्यासारख्या अक्षरात.

मुकादमांना कामावरून काढलं. ते ऑफिसात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “काय लिवलंय ते वाचून दाखवा.” मी वाचलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “हे तुमचं अक्षर?”

“हो.”

“बेस हाय.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. ते हळू आवाजात म्हणाले, “नोकरी गेली तर जाऊ द्या. हात हायेत. पन मी माझे मनानं भोकं बुजवली असं नका लिवू. गावान बोलतान, पुलाचं शेत तीन पिढ्या खाल्लं आन पूल मारला. म्हातारे मानसं मना दारान बसू देईनात. तुमी व्हतात तिथं. तेवढं एक वाक्य लिवा.”

मी म्हटलं, साहेबांशी बोलतो. बोललोही. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “तुम्ही अजून टेम्पररी आहात ना?” मी ‘हो’ म्हटलं आणि बाहेर आलो. एवढीच माझी लढाई. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मामांचं वाक्य तेवढं राहिलं होय? बाकी सगळी वाक्यं बरी लिहिता येतात तुम्हाला.” दोन दिवस तिनं माझं ताट वाढलं, पण एक शब्द बोलली नाही.

मार्गशीर्षात पूल पाडायला ठेकेदार आला. सुरुंग लावला. धूर झाला, कावळे उडाले, कमानी जिथल्या तिथे. दुसरा लावला. कठड्याचे चार दगड निखळले. रिपोर्टातला ‘जीर्ण व धोकादायक’ पूल चार दिवस सुरुंग खाऊन उभा होता आणि मी रोज डायरीत लिहीत होतो, ‘काम चालू आहे.’ बघायला गावं लोटली. शेवटी ठेकेदार वैतागून म्हणाला, “अरे, या पुलाची नस ठाऊक असलेला कोणी आहे की नाही?”

कोणीतरी मुकादमांना बोलावून आणलं. आले. धोतर, लाल रुमाल, खाकी सदरा मात्र अंगात नव्हता. त्यांनी उरलेल्या भिंतीवर हातोडी ठोकली, ऐकलं, आणि ठेकेदाराला म्हणाले, “तुमची मानसं खालनं काढा आधी. पोटान अजून पानी हाय. वरचा दगड हालवलात तर ही भित त्यांचे अंगावर फुटंल. आधी भोकं मोकळी करा.”

ठेकेदारानं पहार दिली. मुकादमांनी नको म्हटलं, कमरेची छिन्नी काढली. गिलाव्याखाली भोक नेमकं कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. पहिलं भोक फुटलं तसं आतून काळपट पाणी आलं, कुजक्या पाल्याचा वास आला. दुसरं. तिसरं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते आणि पूल अजून गळत होता.

गर्दीतला एक म्हातारा ओरडला, “बगा! याचंच काम हाय हे. मी माझे डोल्यांनी याला बुजवताना बगितलंय. आता कशाला उघरतंय?” लोक कुजबुजले. मुकादमांनी छिन्नी थांबवली. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी डायरी धरून काठावर उभा होतो. साहेब तिथे नव्हते हे मला सांगायलाच हवं. ते असते तर माझं काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण तेव्हा मला वाटलं, आता गप्प बसलो तर जन्मभर बायकोच्या हातचं जेवणार कसा?

“साहेबांनी बुजवायला सांगितली,” मी म्हणालो. आवाज फुटेना म्हणून पुन्हा ओरडून म्हणालो, “मुकादम नको म्हणत होते! हुकूम लेखी मागत होते! साहेबांनी दिला नाही! नंतर उघडू का विचारायला आले, तर नोकरीची धमकी दिली! मी होतो तिथे, दोन्ही वेळेला होतो!”

म्हातारा काठी टेकत पुढे आला, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, “मग तुझं तोंड इतके दिस कुठं व्हतं?”

तो खाली पात्रात उतरला, मुकादमांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या हातातली छिन्नी घेऊन पुढचं भोक स्वतः ठोकायला लागला. त्याच्यामागून आणखी दोघं उतरले. मी कठड्यावर डायरी ठेवून लिहिलं : ‘उरलेली पंधरा भोके सिमेंटने बंद आढळली. ती साहेबांच्या तोंडी हुकमाने बुजविली होती. मी हजर होतो.’ खाली सही केली आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुकादम म्हणाले, “आता बोललात. बरं झालं.” आभार नाहीत की राग नाही.

मग त्यांनी ठेकेदाराला दाखवलं. कमानीखाली लाकडी आधार द्या, बांधताना जो दगड शेवटी बसला तो माथ्यावरचा आधी काढा, मग दोन्ही अंगांनी एकेक. पाच दिवसांत पूल उतरला. एक दगड फुटला नाही. मुकादम पाचही दिवस तिथे होते, आणि खुणेचा दगड खाली आला की त्यावर हात फिरवून तो बाजूला ठेवायला लावत. ते सगळे दगड साहेबांनी नव्या पुलाच्या भरावात टाकले. मासे, फण्या, त्रिशूळ, सगळे मुरमाखाली. कोणाला एक ठेवावासा वाटला नाही.

डायरी साहेबांकडे गेली आणि परत आली तेव्हा त्यात ते पान नव्हतं. फाडलेलंही दिसत नव्हतं, इतक्या सफाईनं काढलं होतं. आठवड्यानं माझी बदली झाली. जाण्याआधी मी मुकादमांना शोधत मिठागरावर गेलो. ते भावाबरोबर आगरात फळीनं मीठ ओढत होते. मी बांधावर उभा राहून सांगितलं, पान फाडलं, तुमचं नाव अजून त्या रिपोर्टात तसंच आहे, मी वर अर्ज करतो, अमुक करतो.

ते फळी टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, “गावान मना आता बसाला जागा देतान. माझं झालं. कागदाचं तुमचं तुमी बगा, भाऊसाहेब.” आणि पुन्हा मीठ ओढायला लागले.

अर्ज मी केला. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरा करायला धीर झाला नाही. चार वर्षांनी मुकादम गेल्याचं कळलं. साहेब बढतीवर बढती घेत पेन्शनीत गेले, आणि त्यांच्या निरोपसमारंभात मानपत्र वाचलं गेलं. तो रिपोर्ट अजून कुठल्यातरी दप्तरात असेल. कोणी उघडला तर माझं सुंदर अक्षर वाचेल आणि विश्वास ठेवेल.

म्हणून हे लिहितो आहे. भोकं बुजवायचा हुकूम साहेबांचा होता. मुकादमांनी तीनदा नाही म्हटलं. त्या सकाळी पुलाखाली तिघंच होतो, दोघं गेले. उरलेला मी.